बारकीची पँट

४ जानेवारी, संध्याकाळ
रेडिमेड कपड्यांचा वीट आला. आज पुन्हा सगळी दुकानं पालथी घातली. बारकीला होईल अशी पँट या शहरात नाही. पोरगी नऊ वर्षांची, पाय बारा वर्षांच्या मुलीचे आणि कंबर अजून बालवाडीतच. पायाला पुरली तर कमरेत आणखी एक मुलगी मावते. कमरेला बसली तर घोटे उघडे. दुकानातली बाई म्हणाली, आतलं इलॅस्टिक ओढून घ्या. ओढलं. पोत्याचं तोंड बांधावं तसं दिसलं. वर म्हणते, गोड दिसतेय. कोडगेपणाला काही हद्द.

परवा शाळेत धावण्याचा सराव झाला. बारकी एका हाताने पँट धरून धावली. शेवटून पहिली. घरी येऊन बूट कोपऱ्यात भिरकावले. खरी शर्यत महिनाअखेरीला आहे.

ठरलं. पँट मी शिवणार. पुलांची ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला पँट म्हणजे काय? दोन पाइप आणि एक जॉइंट.

७ जानेवारी
बायको म्हणते, शिंप्याकडे टाक. मागे नेलं होतं की. तो म्हणाला, पोरीला जरा अंग धरू दे, मग आणा. म्हणजे गिऱ्हाइकाने मापात यायचं. या वृत्तीमुळेच सगळं बिघडलंय.

सासूबाईंकडून मशीन आणलं. सोबत सूचनाही आल्या. तेल घाला, कापड ओढू नका, आधी जुन्या चादरीवर हात बसवा. चादरीवर. मी काय शिकाऊ उमेदवार आहे?

११ जानेवारी
मापं घेतली. बारकीला गुदगुल्या होतात, त्यामुळे कंबर दर वेळी वेगळी भरली. शेवटी सरासरी काढली. मग ट्रेसिंग पेपरवर ड्रॉइंग. समोरून, मागून, बाजूने. ऑफिसात एवढं देखणं काम आजवर झालेलं नाही. बायकोने विचारलं, हिला बसायचं झालं तर जागा कुठे सोडली आहेस? म्हटलं, ही धावायची पँट आहे. ती तशीच आत निघून गेली. या घरात टेक्निकल चर्चा होऊ शकत नाही.

१४ जानेवारी
कापड कापलं. दोन्ही पाय डावे निघाले. चूक कापडाची. उलट-सुलट बाजू एकसारखी दिसणारं कापड विकायला बंदी हवी. उजव्या पायासाठी पुन्हा दुकानात गेलो, तर तो निळा संपलेला. त्यातल्या त्यात जवळचा आणला. शेजारी शेजारी ठेवले तरच फरक कळतो.

१८ जानेवारी
मशीनची किळस आली आहे. वर धागा तुटतो, खाली गुंता होतो. तेलाचा डाग नेमका गुडघ्यावर. सुई मोडली. दुसरी सुई चालली, इतकी छान चालली की पँटचा उजवा पाय माझ्या शर्टाच्या बाहीला शिवला गेला. ऑफिसचा शर्ट. बायको म्हणाली, निदान ही शिवण तरी पक्की आली. असल्या वातावरणात माणसाने काम कसं करायचं?

२१ जानेवारी
सासूबाई बघायला आल्या. पँट हातात घेऊन फिरवली आणि विचारलं, जावईबापू, माया कुठे आहे?

माझं डोकं फिरलं. लेकीवर माया नसती तर ऑफिसातून येऊन पाठ मोडेस्तोवर इथे बसलो असतो का, असं आणि बरंच काही बोललो. त्यांनी सगळं बोलू दिलं. मग सांगितलं, शिवणीच्या कडेला जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. ती नाही, म्हणून पँट आवळली आहे.

एकाच शब्दाला दोन अर्थ ठेवणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे.

जाताना म्हणाल्या, दुकानातलीच एखादी आणा, चहा होईस्तोवर कमरेत आत घेऊन देते. नको म्हटलं. प्रश्न तत्त्वाचा आहे.

२५ जानेवारी
ट्रायल. उभी राहिली तर फिटिंग उत्तम. बसता येत नाही. बारकी उभ्याने जेवली.

नंतर हळूच विचारलं, बाबा, शर्यतीला हीच घालायची का? म्हटलं, तुझ्यावर कसलीही जबरदस्ती नाही. आणि जेवलो नाही. भूकच नव्हती. थोड्या वेळाने ती ताट घेऊन आली आणि म्हणाली, घालते. पोरीला चांगल्या कामाची पारख आहे.

३० जानेवारी
शर्यत झाली. बारकी दुसरी आली. दोन्ही हात मोकळे होते. वळणावर पँट मागून उसवली, पण त्यानंतर तिचा वेग वाढला हे सर्वांनी पाहिलं. आत तिने जुनी चड्डी घातली होती. बायकोने घालायला लावली असणार. नवऱ्यावर एवढा अविश्वास.

मग वर्गाच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या मुलीचं कौतुक वाटतं, स्वतःची पँट स्वतः शिवते. शिवण वाकडी आहे, पण या वयाच्या मानाने ठीकच. मोठी झाली की हात बसेल. हस्तकलेच्या प्रदर्शनात ठेवू या.

बारकी बुटांकडे बघत होती.

वाटेत विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, मुलं हसत होती. तू शिवलीस असं सांगितलं असतं तर तुला हसली असती. मी लहान आहे, मला चालतं.

घरापर्यंत मी फक्त रस्त्याकडे बघितलं. ट्रॅफिक फार होतं.

२ फेब्रुवारी
प्रदर्शन पाहिलं. पँट मधल्या टेबलावर पसरून ठेवली होती. खाली चिठ्ठी: इयत्ता चौथी, उत्तेजनार्थ.

पहिलं बक्षीस उशीच्या अभ्र्याला. दुसरीतल्या मुलाने शिवलेला. आईबापांनी करून दिला असणार, हे उघड आहे. कुणी बघत नाही असं पाहून अभ्रा उलटा केला आणि शिवण तपासली.

भरपूर माया सोडली होती.