तुमच्या चाकावर

मामाजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नातवंडांना तुमचा आवाजही ठाऊक नाही. तरी आज तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

त्या वर्षी तुमचा उजवा हात लकव्यानं गेला. तुमचा लेक, माझा नवरा, नागपूरकडे वीटभट्टीवर होता आणि अंगणातलं चाक थांबलं होतं. आपल्या घरात बायकांनी माती तुडवायची, मडकी वाळत घालायची, भाजायला आवा रचायचा. चाकाला हात लावायचा नाही. एका सकाळी तुम्हीच मला म्हणालात, बस. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तुमच्याकडं न पाहता भाकर उलथली.

मी काठीनं चाक फिरवते, गोळा मधोमध थापते, तो एका बाजूला पळतो. अंगठा आत घालते, भिंत वर येते, थरथरते आणि बसते. तुम्ही शेजारी उकिडवे बसून बघताय. तुमचा डावा हात माझ्या हाताजवळ येतो आणि सुनेला शिवायचं कसं म्हणून मागं जातो. मग चिडून म्हणता, "दम कायले रोखून राह्यली? माती तं मऊच हाय."

दम का रोखते हे तुम्हालाही माहीत होतं. कापसाची ती वाईट वर्षं. सकाळी दारात मोटरसायकल थांबली की कुणीतरी मयतीचं मडकं मागायला आलेलं असायचं, आणि गेलेला माणूस पुष्कळदा माझ्या नवऱ्याच्याच वयाचा निघायचा. तुमच्या हातची मडकी अशीच संपली.

माझ्या पहिल्या आव्यातून थोडीच धड निघाली, तीही वाकडी. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावचा एक माणूस आला. त्याच्या थोरल्या भावानं फवारणीचं औषध घेतलं होतं, प्रेत दवाखान्यातून नुकतंच घरी आणलं होतं. सासूबाई म्हणाल्या, बाईनं चाकावर केलेलं मडकं सरणाला चालत नाही, त्याला कळंबच्या कुंभाराकडं पाठवा. मी दाराआड उभी. तुम्ही त्यातल्या त्यात सरळ मडकं एका हातानं छातीशी धरून बाहेर नेलंत.

"हे माह्या सुनेनं केलं. चालत असन तं ने."

तो मडक्याकडं नाही, दाराकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "चालते, बाबा."

तुम्ही त्याच्याच गाडीवर मागं बसून गेलात. दिवसभर मी घास गिळला नाही. सरणाभोवती फिरताना मडकं दगडानं भोक पाडायच्या आधीच गळालं तर लोक काय म्हणतील, मेलेल्याच्या पोराला काय वाटेल, आणि मला पुन्हा चाकाजवळ कोण जाऊ देईल? सासूबाईही उंबऱ्यातच बसून होत्या. संध्याकाळी तुम्ही आलात, पाय धुतलेत आणि म्हणालात, "थेंब नाही गळला. उद्या बैस." त्या दिवशी सासूबाईंनी माझं ताट स्वतः वाढलं. पुढं तुमचा लेक परत आला, पण चाक माझंच राहिलं.

परवा कळंबच्या बाजारात तोच माणूस भेटला. आता म्हातारा झालाय. सहज बोलावं तसं त्यानं सांगितलं की त्या मडक्याचं बूड तडकलेलं होतं. पुतण्याचा सदरा पहिल्याच फेरीत भिजला. तेव्हा तुम्ही पुढं झालात, चांगल्या हाताचा तळवा बुडाखाली दाबून धरलात आणि पोराच्या बरोबरीनं सरणाभोवती चाललात. कुणी काही बोललं नाही.

मी मडकी तिथंच ठेवून बसून राहिले. तुमच्या त्या एका शब्दावर मी दुसऱ्या दिवशी चाकावर बसले, आणि तसल्याच बुडाची आणखी किती मडकी दुःखातल्या लोकांच्या खांद्यावर दिली असतील, कोण जाणे. खरं सांगितलं असतंत तर मी पुन्हा बसले नसते, हेही कळतं.

हे लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. कुठं पाठवणार? पण मला तुमचा राग आला, मामाजी, आणि तो अजून गेलेला नाही. तुमच्यावर असं रागावता येतं, हे तुम्ही होता तेव्हा मला माहीतच नव्हतं.