मिस्सेआधीचं केळं

येशू, मरिया, योसेफ
गिरीज, वसई
१२ सप्टेंबर १९८३

चि. ज्युलियस यास आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गाठ माझ्या डोक्यात आहे असं मुंबईचे डॉक्टर म्हणतात, आणि विसरतोस मात्र तू. मागच्या पत्रात तू तांबू गाईची तब्येत विचारलीस. तांबू मेली त्याला दोन पावसाळे झाले, आणि तिला पुरायला खड्डा तूच खणला होतास. माझ्या डोक्याचा काढला तसा तुझ्याही डोक्याचा फोटो काढून घे. आत काही सापडलं तर कळव.

तर त्या फोटोचं ऐक. भट्टीत पाव सारतात तसं मला एका गोल यंत्रात सारलं. फोटोत माझं डोकं फोडलेल्या नारळासारखं दिसतं, आणि डाव्या अंगाला सुपारीएवढा पांढरा डाग. हीच ती गाठ. उन्हाळ्यात वाडीत पडले ती हिच्याचमुळे. डॉक्टर म्हणाले, गाठ जुनी आहे, सावकाश वाढणारी आहे, या वयात कापायची घाई नको. फिट येतात त्यांना गोळ्यांनी आवरू. सकाळ, दुपार, रात्र, अशा तीन गोळ्या. विहिरीवर आणि चुलीपाशी एकटीने जायचं नाही.

फिट यायच्या आधी मला जळक्या सुकटीचा वास येतो. इतके दिवस मी तुझ्या आईला, या बर्थाला, उगाच बोलत होते म्हणे, सुकट जळतच नव्हती. बर्था हे लिहिता लिहिता हसते आहे. हसू दे.

गोळ्या सुरू झाल्यावरही दोनदा फिट आली. एकदा शेजारच्या व्हॅलेरियनच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला, आणि या आठ तारखेला मरियामातेच्या जन्माच्या सणाला. उजवा हात आपला आपण उडायला लागतो, कोंबड्यांना दाणे टाकावे तसा, मग पुढचं मला ठाऊक नसतं. डॉक्टरांनी नाताळपर्यंत मुदत दिली आहे. तोवर फिटनी गोळ्यांचं ऐकलं तर ठीक, नाहीतर सुरी. काळजी करू नकोस. तुझ्या आजोबाला मी वळणावर आणला, ही तर सुपारीएवढी गाठ.

तुझा सोबती, चंदनसारचा शत्रुघ्न, परत निघाला आहे, त्याच्याबरोबर आपली वाळवलेली सुकेळी पाठवली आहेत. तुझ्या खोलीतल्यांनाही दे, म्हणजे केळं कशाला म्हणतात ते त्यांना कळेल. तुमच्या भुसावळचं केळं मी खाल्लं आहे. तोंड भरतं, पण जिभेला पत्ता लागत नाही.

माया आहे ती आहेच, ती टपालाने मागवावी लागत नाही. पत्र मात्र वेळेवर टाक.

तुझी आजी कॅथरीन
(अंगठा माझा, अक्षर तुझ्या आईचं)


भुसावळ
२० सप्टेंबर १९८३

ती. आजीस ज्युलियसचा शि. सा. न. वि. वि.

तांबूबद्दल चुकलो. सुकेळी पोचली आणि त्याच संध्याकाळी संपली. शत्रुघ्न म्हणतो, अशी आजी त्याला असती तर तो वसई सोडून आलाच नसता. पण आजी, आमच्या केळ्यांना नावं ठेवू नकोस. इथून ती पार दिल्लीपर्यंत जातात.

तुझ्या पत्रात हसण्यासारखं पुष्कळ होतं, तरी मला नीट हसता आलं नाही. इथल्या रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळी चुकली की फिट डोकं वर काढते. म्हणून रागावणार नसशील तर विचारतो, तीनही गोळ्या रोज घेतेस ना? कंटाळा आला, विसरलीस, असं होत नाही ना?

आईला नमस्कार सांग. सुरीचं नाव पुन्हा पत्रात आलं तर मी रजा टाकून येईन.

तुझ्या मायेतला,
ज्युलियस


ये. म. यो.
गिरीज
३१ ऑक्टोबर १९८३

चि. ज्युलियस यास आजीचे अ. उ. आ.

दिल्लीपर्यंत जातात म्हणजे घरात कोणाला नको असतात.

आणि गोळ्या विसरणारी मी नव्हे. तुझी आई सकाळी बशीत तीन गोळ्या काढून ठेवते आणि रात्री बशी रिकामी असते. तिलाच विचार, पेन तिच्याच हातात आहे.

तरीही काल फिट आली, हे तुझ्यापासून लपवत नाही. मरियामातेच्या माळेचा महिना संपत आला, त्याची मिरवणूक होती. दुसऱ्या मिस्सेनंतर देवळाबाहेर रांग लागली आणि मला सुकटीचा वास आला. माझ्याबरोबर मिस्सेला येणाऱ्या हिल्डाच्या अंगावर मी पडले. हिल्डा आता गवताच्या उडवीएवढी झाली आहे, त्यामुळे लागलं नाही. कोणी नाकाला चप्पल लावली, कोणी दातांत चमचा घालायला निघाला. तुझी आई धावत आली, तिने सगळ्यांना हाकललं आणि डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं मला कुशीवर केलं. एवढ्या मोठ्याने ती बोलू शकते हे गावाला काल कळलं.

आज सकाळीच डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी गोळी वाढवून दिली. आधीच रविवारी जेवल्यावर मी माडी प्यायल्यासारखी डुलते, आता काय होतं बघायचं. नाताळच्या आत आणखी एक फिट आली तर जानेवारीत ऑपरेशन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

आता एक गोष्ट नीट ऐक. बर्थाने त्यांना बाजूला नेऊन विचारलं, पण माझे कान अजून शाबूत आहेत. ही गाठ बोलण्याच्या जागेला टेकून बसली आहे. कापली तर मी वाचेन, पण शब्द राहतील की नाही ते सांगता येत नाही. मरणाचं मला काही नाही, त्या दिवसाचं लुगडं पेटीत घडी करून ठेवलं आहे. पण ज्युलियस, मला अक्षर येत नाही. माझं सगळं लिहिणं तोंडात आहे. ते गेलं तर तुला मी काय पाठवू, नुसता अंगठा?

असो. बर्थाचे डोळे भरले आहेत आणि शाई पसरते आहे, म्हणून आवरते. थंडी पडली असेल, कान बांधून झोप. आठवण ठेव, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही.

तुझी आजी

ता. क. ज्युलियस, हे माझं, मी त्यांना वाचून दाखवणार नाही. मला काही सुचत नाही. रविवारी मी पहिल्या मिस्सेला जाते, त्या हिल्डाबरोबर दुसरीला. पण दुपारी जेवण झाल्यावर बघते तर बशीत रात्रीचीच गोळी उरलेली असते. गोळी चुकत नाही, तरी हे असं. — आई


भुसावळ
७ नोव्हेंबर १९८३

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कंट्रोल ऑफिसात पुन्हा पुन्हा वाचलं. आमचं काम तुला ठाऊक आहे. एखादी गाडी आठवडाभर वेळेवर येते आणि एकाच दिवशी रखडते, तेव्हा आम्ही इंजिनाला दोष देत नाही. त्या दिवशी ती कुठे थांबवून ठेवली होती ते बघतो.

बाप्तिस्मा, मरियामातेचा सण, माळेची मिरवणूक. आजी, आता तुला वाडीत, अंगणात, बाजारात फिट येत नाही. गोळ्या सुरू झाल्यापासून ती फक्त मिस्सेच्या दिवशी आली आहे. आणि डुलतेस तीही रविवारीच, जेवल्यावर. म्हणून साधा प्रश्न विचारतो. मिस्सेला जातेस त्या दिवशी सकाळची गोळी किती वाजता घेतेस?

लहानपणी कम्युनियनची भाकर घ्यायच्या आधी चूळ भरताना माझ्या घशात पाण्याचा थेंब गेला होता, आणि उपास मोडला म्हणून तू मला त्या रविवारी रांगेतून मागे ओढलं होतंस. ते मी विसरलेलो नाही. हात जोडून सांगतो, फादर इग्नेशियसना विचार आणि डॉक्टरांनाही सगळं सांग. मला तुझ्या शिव्या तुझ्याच तोंडून हव्या आहेत.

तुझा,
ज्युलियस


ये. म. यो.
गिरीज
९ जानेवारी १९८४

चि. ज्युलियस यास आजीचे अ. उ. आ. आणि नव्या वर्षाचा एक जास्तीचा.

मधे तुझ्या आईने दोन ओळींची कार्डं टाकली. त्यांत मी नव्हते. नाताळ पार पडल्याशिवाय तुला माझ्या तोंडचं काही पाठवायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

तुझा प्रश्न तिने वाचून दाखवला तेव्हा मला नवल वाटलं. गोळी केव्हा घेणार? कम्युनियन झाल्यावर, घरी येऊन, सकाळची आणि दुपारची दोन्ही एकदम. बशी स्वच्छ. देवासमोर काय औषध चघळत जाऊ? एवढं म्हणाले तर तुझी आई कपाळाला हात लावून बसली, आणि मग मला हाताला धरून फादरकडे घेऊन गेली.

फादर इग्नेशियस माझ्या पायातल्या सपातांच्या वयाचे. ते म्हणाले, औषधाने उपास मोडत नाही, पाण्यानेही नाही, आणि खाणंसुद्धा कम्युनियनच्या तासभर आधीपर्यंत चालतं. मी विचारलं, हे कोणी ठरवलं? म्हणाले, पोपसाहेबांनी, त्याला वीसेक वर्षं झाली. मी म्हटलं, मला कोणी पत्र टाकलं नाही. ते म्हणाले, वेदीवरून सांगितलं होतं. तेव्हा मी डोळे मिटून प्रार्थनेत असणार. बर्था म्हणते, झोपेत. तिने लिहिलंच आहे तर राहू दे.

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, गोळी तीच, पण वेळ चुकली की अर्धी वाया जाते, आणि दोन एकदम घेतल्या की तुम्ही डुलणारच. गोळी पुन्हा पहिल्याइतकी केली. पुढच्याच रविवारपासून घड्याळ बघून घेते. पहिल्या खेपेला गोळी जिभेवर ठेवून मी क्रुसाकडे बघितलं. मग घोटभर पाण्याबरोबर ती गिळली.

नंतरचे सगळे रविवार कोरडे गेले. नाताळच्या आदल्या दिवशी मात्र मी ओट्यावर बसले होते आणि वास आला. जळक्या सुकटीचा. मी खांब धरला, उजवा हात मांडीखाली दाबला, बर्थाला हाक मारली आणि वाट बघत राहिले. हात काही उडेना. बर्था आतून धावत आली, हातात तवा. या वेळी तिने खरीच जाळली होती. लग्न करून या घरात आल्यापासून तिने केलेला इतका चांगला स्वयंपाक मला आठवत नाही.

आज डॉक्टरांनी तपासलं. सुरी नाही. गाठ आहे तिथे राहील, पावसाळ्यात पुन्हा फोटो काढायचा, गोळ्या जन्मभर. मी गाठीला सांगितलं आहे, राहायचं तर राहा, पण आवाज करायचा नाही. या घरात बोलणारी मी एकटी पुरे.

ईस्टरला ये, तोंडासमोर शिव्या देईन, टपालात अर्ध्या सांडतात. तोवर माझ्यावर आहे तेवढाच जीव ठेव, वाढवलास तर रजा मागशील.

तुझी आजी कॅथरीन
(अंगठा)

ता. क. डॉक्टर म्हणतात गोळी उपाशीपोटी नको, आधी थोडं काही खा. गोळीचं मी मान्य केलं, पण मिस्सेआधी खायचं अजून मनाला लागतं. एका रविवारी आपलं अर्धं सुकेळं खाऊन बघितलं. इतकं गोड लागलं की सबंध मिस्सेत त्याचीच चव घोळवत बसले आणि नंतर कुमसारात फादरना पाप म्हणून सांगावं लागलं. म्हणून शत्रुघ्न येईल तेव्हा त्याच्याबरोबर तुमच्या भुसावळची केळी पाठव. ती खाण्यात काहीच सुख नसतं, तेव्हा उपास मोडायचा नाही. कच्ची बघून दे, आणि निवडून चांगली घेऊ नकोस.