सहा महिन्यांचा हंगाम

माय, धाकट्याचा काल फोन आला होता. तो राहतो त्या देशात नवा कायदा आणायचं घाटतंय. कागदपत्रांशिवाय राहणारा सापडला तर आतापर्यंत नुसतं परत पाठवायचे. आता तो गुन्हा ठरणार, म्हणजे आधी तुरुंग आणि मग विमान. अजून नुसती चर्चाच आहे, पण हा कामावरसुद्धा मान खाली घालून जातो म्हणाला. केजच्या बाजारात ज्याचा आवाज चार दुकानं पलीकडे ऐकू यायचा, तो माझा भाऊ फोनवर कुजबुजत होता.

चूक आपल्या सगळ्यांचीच. त्याला पाहुणा म्हणून जायचा सहा महिन्यांचा शिक्का मिळाला, तेव्हा आपल्याला वाटलं, हे ऊसतोडीसारखंच असणार. दसरा झाला की कर्नाटकात जायचं, पाचटाची कोपी उभारून तिच्यात राहायचं, कारखाना बंद झाला की घरी. आपल्याला कधी कुणी कागद विचारला होता? तू तर त्याच्या बॅगेत कोयता घातलास. तो हसला तशी पाठीत धपाटा घालून म्हणालीस, "हासतो कावून? हत्यार न्हाई तर काम कोन देईल?" तुझं मन मोडू नये म्हणून मी तो कोयता नेकनूरच्या स्टँडवर हळूच काढून घेतला. सहा महिने सरले. तिथल्या हॉटेलात भांडी घासायला माणूस हवाच होता. त्याला कुणी जा म्हणालं नाही आणि तोही निघाला नाही.

दोन वर्षांनी तू गेलीस. तो आला नाही; आला असता तर पुन्हा तिकडे शिरता आलं नसतं. तुला नेलं तेव्हा मी दारात फोन कानाला लावून उभी होते आणि तो तिकडे हॉटेलच्या मोरीत बसून हुंदके देत होता. त्याचा मला तेव्हा फार राग आला होता, अजूनही येतो. आणि लगेच डोळ्यांपुढे कोपीतली चूल येते. तू भाकरी थापतेयस, तो पाठीमागून तुझ्या गळ्यात पडलाय, आणि तू म्हणतेस, "सोड रं, करपंल." तो सोडत नाही. भाकरी करपते.

काल त्यानं विचारलं, "आक्का, काय करू? येऊ का?" तिथं त्याची बायको आहे, चार वर्षांची मुलगी आहे. मी म्हणाले, "तितंच ऱ्हा. असल्या कायद्याच्या नुसत्या गप्पा असत्यात." थोरल्या बहिणीनं बोलावं तसंच बोलले.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर हे लिहायचं धाडस करतेय. हे कुणाला दाखवणार नाही. माय, तो कायदा व्हावा असं मला वाटतं. त्याला धरावं आणि परत पाठवावं. चौदा वर्षं झाली त्याला समोर बसून जेवताना बघून. त्याच्या मुलीचा विचार माझ्या मनात नंतर आला, बऱ्याच वेळानं.