डेल्फीची भरपाई

२ जून १८६२, जॉर्जटाउन

आले एकदाची! फिलाडेल्फियापासून गाडीत शिपाईच शिपाई, पाय ठेवायला जागा नाही. पण वॉशिंग्टनात उतरले आणि शीण पळाला. एप्रिलमध्ये सरकारने इथले गुलाम मुक्त केल्यापासून आमची काळी माणसं रस्त्याच्या मधून चालतात. एक म्हातारी भर बाजारात लाल छत्री उघडून नुसतीच उभी होती. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. छत्री आपली आहे, एवढंच.

घर चढावर आहे. मालकीण मिसेस पमफ्रे, विधवा. कायदा झाला त्याच दिवशी त्यांची माणसं निघून गेली, म्हणून पगारी स्वयंपाकीण हवी होती. महिना आठ डॉलर आणि स्वयंपाकघरावरची खोली. जुन्यांपैकी उरलाय फक्त माळी, इशमकाका. का राहिलात विचारलं तर म्हणाला, “मन केव्हाच गेलंय गं पोरी, गुडघे यायला तयार नाहीत.”

दुपारी खेकडे रांधले. बाईंनी दोनदा वाढून घेतले. झिल्फा ब्रूक, तुझं बस्तान बसणार इथे!

५ जून

सरकार भरपाई देणार आहे म्हणे. सुटलेल्यांना नाही, मालकांना! चोरीचा माल सोडला म्हणून चोराला इनाम. पण अट अशी की मुक्त झालेला प्रत्येक जण त्यासाठी नेमलेल्या आयोगापुढे उभा करून दाखवायचा. बाल्टिमोरचा एक गुलामांचा दलाल त्याची किंमत ठरवणार. आता सुटलेली माणसं कशाला येतात?

आज बाई स्वतः त्यांच्या सुटून गेलेल्या पर्मेलिया धोबिणीच्या दारी गेल्या होत्या. ती म्हणे खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. येते की, म्हणाली, पण निम्मे पैसे माझ्या हातावर ठेवा. बाईंनी घरी येऊन टोपी अशी भिरकावली की सूपमध्येच पडायची. मी चुलीकडे तोंड करून हसून घेतलं.

९ जून

पाव फुगत नाही. आयुष्यात माझा पाव बसला नव्हता! खमीर बदललं, पीठ बदललं, चुलीजवळ ऊबेला ठेवलं. कापड काढावं तर कणीक थंडगार, विहिरीतून काढल्यासारखी. आज तर तिच्यावर बोटांचे ठसे होते. माझी बोटं आखूड आहेत. ते ठसे लांब होते.

बाईंनी पाव ताटात आपटून पाहिला. डेल्फीचा पाव हातात धरला तर उडून जाईल असा असायचा, म्हणाल्या. डेल्फी कोण? माझ्या आधीची स्वयंपाकीण. गेली कुठे? मेरीलंडला, नातेवाइकांकडे, येईलच. पगाराचं विचारलं तर सरकारचे पैसे आले की. मग मी काय सरकारकडे नोकरीला आहे?

इशमकाकाला डेल्फीबद्दल विचारलं. तो वाफे खणत राहिला.

१३ जून

संताप लिहून काढते, नाहीतर भांडी फुटतील.

बाईंचे दीर मिस्टर ऑर्लँडो आले होते. अर्जात सगळ्यात जास्त किंमत डेल्फीची लावलीय आणि डेल्फी हजर नाही. म्हणून दोघांनी मला बैठकीत बोलावलं, चक्क बसायला सांगितलं. मी फक्त एकदा डेल्फी म्हणून आयोगापुढे उभं राहायचं. विचारलं तर मान हलवायची. मग पगार लगेच.

मी म्हटलं, माझी आई स्वतंत्र, आजी स्वतंत्र. आमच्या घराण्यात कोणाची किंमत झालेली नाही. माझ्यापासून सुरुवात नको.

मिस्टर ऑर्लँडो हसले. मेरीलंडमध्ये गुलामी अजून आहे, म्हणाले, आणि तिथले शिपाई पळालेल्या बायका शोधत इथे रोज फिरतात. तू पळालेली नाहीस हे दाखवणारा कागद आहे ना तुझ्याकडे?

वर धावले. ट्रंकेत शाल होती, बायबल होतं. माझा स्वातंत्र्याचा दाखला नव्हता.

१४ जून

आज काकाचा पिच्छाच पुरवला. शेवटी फावडं टाकून मटकन वाफ्यातच बसला.

कायदा होणार अशी कुणकुण एप्रिलमध्ये लागली, तेव्हा बऱ्याच मालकांनी आपली माणसं रातोरात मेरीलंडला हलवली. बाईंनाही डेल्फीला पाठवायचं होतं. ती तयार होईना. इथेच राहणार, चार दिवस थांबा, मग मला कोणी हलवू शकणार नाही, म्हणायची. म्हणून गाडी येईपर्यंत बाईंनी तिला मागच्या बर्फाच्या कोठीत कोंडलं. हिवाळ्यात नदीचा बर्फ कापून भरतात ती जमिनीखालची कोठी. पुलावर लष्कराने अडवलं, गाडी आलीच नाही. किल्ली बाईंच्या कमरेला.

काका म्हणाला, “कायदा झाल्याच्या घंटा वाजत होत्या, तोवर ती दार ठोकत होती. घंटा थांबल्या अन् ऐकायला गेलो, तर...”

म्हणजे मेली तेव्हा ती मोकळी होती. कोठीतच, बर्फावर पसरतात त्या भुशाखाली पुरलंय. काकानेच. रडत होता. मी त्याला धड शिव्याही देऊ शकले नाही.

१७ जून

सगळं सरळ लिहायला हवं.

बाईंना हो म्हटलं, पण मनात ठरवून गेले होते. आयोगापुढे उभं राहायचं आणि ओरडून सांगायचं. सभागृह गच्च भरलं होतं. दारं उघडी, लख्ख ऊन. पमफ्रे, स्वयंपाकीण डेल्फी, असा पुकारा झाला. मी पुढे झाले. म्हटलं, मी डेल्फी नाही. डेल्फी मेली, या बाईने मारली.

माझ्या शेजारून कोणीतरी म्हणालं, “आहे की मी.”

उंच बाई. लांब बोटं. कपड्यांना भुसा चिकटलेला, झग्याच्या काठातून पाणी टपटपत होतं. सगळ्यांना दिसत होती! दलालाने तिचा दंड चाचपला, दात पाहिले. हात फार गार आहेत, एवढंच म्हणाला आणि आपला हात कोटाला पुसला. किंमत सांगितली. मला वेडी म्हणून बाजूला सारलं.

बाई खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या. कोणीतरी त्यांचं अभिनंदन केलं. अर्ज मंजूर झाला.

बाहेर आलो तर ती आधीच गाडीत बसली होती.

१८ जून

इशमकाका पळाला. गुडघे आले शेवटी.

मिस्टर ऑर्लँडोंना निरोप पाठवला तर उत्तर आलं की डेल्फी परतली हे उत्तमच झालं, आता कटकट कसली?

ती बोलत नाही. स्वयंपाकघरात उभी असते. जिथे उभी असते तिथे पाण्याचं थारोळं. मी एकदाच विचारलं, बाई गं, माझ्यावर का राग? तिने मान हलवली. नाही. मग बोट वर केलं, बाईंच्या खोलीकडे.

१९ जून

बाईंनी मला आत घेऊन दाराला कपाट लावलं. रडल्या. तिला घालव म्हणाल्या, पगार देते, दुप्पट देते. म्हटलं, दाखला द्या, मी आत्ता जाते. नाही दिला. पोलक्यात खोचलाय, आणि छातीवर हात घट्ट. मी गेले तर त्या एकट्या तिच्याबरोबर उरणार, म्हणून!

इतकी भ्यालेली, तरी मूठ सोडवत नाही. काय म्हणावं हिला—

२० जून, सकाळ

बाई खोलीत नाहीत. कपाट जागच्या जागी. पलंग ओला.

मागून आवाज येतोय. ठक. ठक.

दुपार

कोठीच्या दारापाशी गेले. आत बाईच आहेत. कुलूप बाहेरून. किल्ली डेल्फीकडे— ती मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी— काही करत नाही, फक्त बघते.

बाई आतून ओरडल्या, उघड! मी म्हटलं, आधी दाखला, फटीतून. मग उघडते, शपथ. मी तुमच्यासारखी नाही.

मग कागद आला.

भिजून लगदा. शाई वाहून गेलेली. माझं नाव नाही, आईचं नाही, शिक्का नाही. कोरा. मी आता कोणीही आहे— कोणाचीही—

आतून त्या म्हणतायत, दिला ना गं, दिला ना, उघड, डेल्फी.

मी ओरडले, मी कोण? नाव सांगा माझं!

सांगता येईना त्यांना.

स्वयंपाकघरात येऊन बसले. लिहितेय कारण दुसरं काही— ठोके अजून आहेत. हळू झालेत. शपथ घेतली होती मी. कोण ऐकणार होतं ती? पण मी घेतली होती—

डेल्फी आली. समोर बसली. किल्ली काढून वहीवर ठेवली, याच पानावर. शाई पसरतेय. ती माझ्याकडे बघतेय, आणि मागे दार ठक—

थांबलं?

नाही. एक आला. मी किल्ली उचलते—