न बुडवलेली चाळणी

शुक्रवार, आठ तारीख, दुपार

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (पुरता वाकलेला नाही. सूक्ष्मदर्शकावर रोज सात तास मान घालून बसल्यामुळे ती अर्ध्यातच अडकते. उरलेला अर्धा मनातल्या मनात केला आहे, तो धरून घे.)

आधी चूक दुरुस्त करते, मग ख्यालीखुशाली. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आपल्या करड्या मातीतून आजवर निघालेले शार्कचे दात चारशे बारा झाले. ते चारशे अकरा आहेत. एका दातानं काय बिघडतं, असं तू म्हणशील, आणि आतोबा म्हणतील की हिला कुणीतरी हवापालटाला न्या. पण जे बिघडलं आहे ते त्या एकाच दातानं बिघडलं आहे. त्याच पत्रात मी "बाबांचा दात पक्का ठरला, आता सगळं छान आहे" असंही लिहिलं होतं. तेही खोडून वाच.

आता ख्यालीखुशाली. तुझा डावा गुडघा कसा आहे? (मागच्या वेळी मी उजव्याची चौकशी केली होती. तो बरा असल्याचं कळून आनंद झाला, पण तो आजारी नव्हताच.) आतोबा कानातलं यंत्र घालतात, की ते अजून खोक्यातच आहे आणि तू घसा फोडतेस? इकडे बाबांची प्रकृती ठीक आहे. डोळे तसेच. मधलं सगळं गेलं, कडेचं तेवढं उरलं. समोर बसलेल्याचं तोंड दिसत नाही, पण दारातून कुणी सटकलं तर कळतं. "आता मला फक्त पळून जाणारी माणसं दिसतात," असं म्हणून ते हसतात. मला हसू येत नाही. ते त्यांना दिसत नाही हे खरं, पण ऐकू येतं, म्हणून मी "हं हं" असा आवाज काढते. तो हसण्यासारखा वाटतो की नाही, हे विचारायची सोय नाही.

तू मला लिहायला शिकवलंस तेव्हा सांगितलं होतंस की पत्र असं असावं की वाटेत कुणी उघडून वाचलं तरी त्याला सगळं समजावं. हे पत्र नळवाल्याच्या हाती देते आहे (तो उद्या तुमच्या गावी सासुरवाडीला चालला आहे), तेव्हा ती काळजी खरोखरच घ्यायला हवी. म्हणून तुला ठाऊक असलेलंही लिहिते.

मला धुळीनं दमा होतो म्हणून बाबांनी मला शाळेत घातलं नाही. मग घरात पोत्यांनी धूळ आणली. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, डोळ्याला भिंग कायमचं चिकटलेलं. एका गिऱ्हाइकानं विटांच्या भट्टीमागच्या खाणीत सापडलेला खसखशीएवढा दात घड्याळाच्या डबीत घालून आणून दाखवला, त्या दिवसापासून लोकांची घड्याळं मागं पडू लागली. खाणीत दोन थर. वर पिवळी वाळू, तिच्याखाली करडी माती, आणि करडी कितीतरी लाख वर्षांनी जुनी. दर रविवारी एक पोतं पिवळ्याचं, एक करड्याचं. न्हाणीघरात चाळणीतून धुवायचं, वाळवायचं, आणि उरलेली कणी काळ्या ताटलीत पसरून ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक दाणा बाजूला करायचा. हजार दाण्यांत एखादा दात. त्याला किती टोकं, मुळाला खाच आहे का, धार करवतीसारखी की गुळगुळीत, एवढं पाहिलं की कुठल्या शार्कचा ते ठरतं. माझी बेरीज-वजाबाकी त्यावरच झाली. नळवाला तेव्हापासूनचा. मोरी उघडून तो दर खेपेला तेच विचारतो, "ताई, या घरात माणसं आंघोळ करतात की डोंगर?" (तू हे पत्र वाचत असशीलच, तर दादा, नमस्कार. पुढचं नाही वाचलंस तर बरं.)

आणि निळा रंग. हे नीट लिहिते, कारण सगळं त्यावर आहे. चाळणीच्या जाळीत आधीच्या पोत्यातला एखादा दाणा अडकून राहतो. तो पुढच्या पोत्यात पडला तर एका थराचा दात दुसऱ्या थराच्या नावावर चढतो. म्हणून एक पोतं झालं की चाळणी निळा रंग कालवलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवायची. अडकलेलं असेल ते निळं होतं, आणि पुढे ताटलीत निळा दाणा दिसला की ओळखायचं, हा पाहुणा आहे, याला मोजायचं नाही. बुडवण्याचं काम माझं होतं. दहा वर्षांची होते आणि त्या कामाचा मला फार अभिमान होता.

फक्त हात निळे होत. आई गेल्यावर तू आमच्याकडे तीन वर्षं राहिलीस, रोज संध्याकाळी शुद्धलेखन घेत असायचीस, आणि माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर निळे अंगठे उमटत. एका शनिवारी तू वही वर धरून म्हणालीस, "ही वही आहे की शिक्क्यांचं पॅड? उद्या एक डाग दिसला तर मी चालले माझ्या घरी." तू थट्टा केली होतीस, हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आई नुकतीच गेली होती, आणि "मी चालले" या शब्दांतली थट्टा मला कळत नसे. दुसऱ्या दिवशी रविवार. पिवळं पोतं झालं, बाबा करडं उघडायला गेले, आणि मी चाळणी बादलीत बुडवलीच नाही. तिच्यावरून दोन तांबे जास्त पाणी ओतलं आणि स्वतःचं समाधान करून घेतलं. संध्याकाळी वहीचं पान कोरं करकरीत. तू त्यावर "शाबास" लिहिलंस.

(यात तुझा दोष नाही. "तुझा दोष नाही" हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं, कारण ते लिहिलं की दोष दिल्यासारखं वाटतं. आता तिसऱ्यांदा लिहिते आहे आणि ठेवते आहे. नाही तुझा.)

तीन आठवड्यांनी त्या करड्या पोत्याची कणी निवडताना मला तो दात सापडला. मधे एक उंच टोक, दोन्ही बाजूंना दोन-दोन छोटी, असा देखणा की मी श्वास रोखला. तसले दात पिवळ्यात बरेच मिळतात, करड्यात आजवर कुणाला एकही मिळालेला नाही. बाबांनी मला उचलून खुर्चीवर उभं केलं. ते म्हणाले, "हा मासा आपल्याला वाटत होतं त्याच्या कितीतरी आधीपासून होता, आणि हे जगात फक्त आपल्या दोघांना माहीत आहे, चिमट्या." (चिमटा हे नाव तेव्हापासूनच चिकटलं.) मला न बुडवलेल्या चाळणीची आठवण झाली नाही. हे शपथेवर सांगते. झाली ती पुढच्या वर्षी. बाबांनी संग्रहालयाला लिहिलं होतं, तिथल्या जुन्या साहेबांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की हा दात वरच्या थरातून मिसळला असावा. बाबांचा तिळपापड झाला. भर जेवणात मला विचारलं, "काय गं, चाळणी बुडवली होतीस ना?"

मी "हो" म्हणाले.

एवढंच. एका अक्षराचं खोटं, तोंडात घास होता म्हणून तेही अर्धवट. त्याच्यावर बाबांनी चौदा वर्षं उभारली. साहेबांपुढे दाताच्या कण्या केल्या, पत्रांमागून पत्रं पाठवली, आणि तसला दुसरा दात करड्यात मिळावा म्हणून किती पोती धुतली याचा हिशेब मोरीलाच ठाऊक. दुसरा मिळाला नाही. मिळणार कुठून? डोळे जाईपर्यंत ते शोधत राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी तीनदा विचारलं, की बारीक काम केल्यानं गेले का? दोनदा ते म्हणाले, नाही, वयानं. तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, तुम्हाला नक्की काय ऐकायचं आहे?"

आता संग्रहालयात नव्या बाई आल्या आहेत. त्यांनी जुनी पत्रं कपाटातून काढून वाचली. दात घ्यायला त्या येत्या बुधवारी, तेरा तारखेला स्वतः घरी येणार आहेत, आणि त्यावर जे छापतील त्यात बाबांचं नाव घालणार आहेत. फोनवर त्यांनी बाबांना तेच विचारलं जे साहेबांनी सुचवलं होतं. मी शेजारच्या खोलीत ब्रश धूत होते. बाबा म्हणाले, "मिसळायचा प्रश्नच येत नाही, बाई. चाळणी माझ्या मुलीच्या हातची आहे. लहान असताना पेन्सिलीचं टोक मोडलं तरी कबूल करायला यायची. पुरावा विचाराल तर माझा पुरावा ती." मग आत वळून, "काय गं, खरं ना?" मी नळ मोठा सोडला.

काल दात बांधायला म्हणून डबीतून काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चौदा वर्षांत मी त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. (पाहायला दिला तर मी "बाबा, तुम्हीच बघा" म्हणायचे. ते याला माझा विनय समजत.) मुळाच्या खाचेत वाळूचा एक कण अडकलेला आहे. पिवळा.

बाबा माझ्या बाजूला बसले होते. मी वर्णन करते आणि ते ऐकून ओळखतात, अशीच आमची आता पद्धत आहे. मी "बहुधा" म्हणाले तर विचारतात, "बहुधा हा कुठला मासा?" त्यामुळे मला मोजून बोलावं लागतं. त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"काही नाही बाबा. खाचेत थोडा कचरा आहे."

"मग काढ की! पाहुणीकडे जायचाय, तोंड धुऊन जाऊ दे त्याला."

आत्या, माझ्या हातात सुई होती. एक टिचकी मारली असती तर कण गेला असता, आणि बाईंच्या कितीही मोठ्या यंत्राला पुढे काही सापडलं नसतं. बाबांच्या परवानगीनं, त्यांच्या देखत... देखत नव्हे, ते शेजारी असताना. मी किती वेळ सुई धरून होते ते माहीत नाही. मान मात्र तेव्हाच आखडली. शेवटी मी म्हणाले, "नको बाबा. मुळाला ओरखडा जाईल."

त्यांनी चाचपडत माझं डोकं शोधलं आणि थोपटलं. "चिमटा तो चिमटा," म्हणाले. इतके खूश होते की मला उठून न्हाणीघरात जावं लागलं. तिथं धुवायला काहीच नव्हतं, तरी मी तांबे ओतले.

बुधवारी बाई तो कण पाहतील. त्यांचं काम त्यांना कळतं. त्या चांगल्या आहेत, हळूच सांगतील, पण बाबांना ते परक्या माणसाकडून, इस्त्रीच्या शर्टात बसून ऐकावं लागेल. (शर्ट आजच इस्त्री करून ठेवला आहे. पाच दिवस आधी.) ते माझ्याकडून ऐकायला हवं, आणि आधी. शार्क गेला तर जाऊ दे, तो मेलेलाच आहे. पण बाबांना मी सोडून दुसरा पुरावा नाही, आणि मीच जाऊन सांगायचं की पुरावा खोटा आहे. हे कुठल्या तोंडानं सांगतात, ते तू मला शिकवलं नाहीस.

आतोबांना नमस्कार. गुडघ्यांना, दोन्ही, जप.

तुझी भाची,
चिमटा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. माझ्या शुद्धलेखनाच्या वह्या तू जपून ठेवल्या आहेस असं म्हणाली होतीस. त्यातलं त्या रविवारचं कोरं पान, तुझ्या "शाबास"सकट, नळवाल्याच्या हाती परत पाठव. बाईंना दाखवायला पुरावा होईल. डाग नाही म्हणजे बुडवली नाही.

आणखी एक ता. क. नळवाला गुरुवारी परतणार आहे. हे मला पान मागायच्या आधीपासून माहीत होतं. बुधवार निघून गेल्यावर पान येईल, आणि मी स्वतःला सांगेन की पुराव्याशिवाय कसं बोलायचं. तेव्हा पान पाठवू नकोस. वहीतच राहू दे.

आणि हे खरोखरचं मागणं. सोमवारी सकाळी अकराला बाबांना फोन कर. मी उचलणार नाही, फोन त्यांच्याच उशाशी असतो. त्या वेळी त्यांना कुणाशी तरी बोलावंसं वाटेल, आणि घरात मी सोडून कुणी नसतं. ते माझ्याबद्दल काय म्हणाले ते मला कळवू नकोस. (कळव. नको, कळवू नकोस.)

बाबांनी आत्ता विचारलं, कुणाला एवढं लिहितेस. तुझं नाव सांगितलं. म्हणाले, माझ्याकडून एक ओळ घाल. सांगितलेली ओळ बदलायची नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून जशीच्या तशी घालते: "ताई, दात पक्का झाला. पोरीमुळे झाला."

सांगणार आहे ते सोमवारी, अकरा तारखेला, सकाळी दहा वाजता. त्यांचा चहा झाल्यावर, पहिली ताटली लावायच्या आत.