घरात माणसं किती

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
५ मार्च २०२७, शुक्रवार

चि. शेषूस,

अक्काचे आशीर्वाद. तू, रेवा आणि जननी बरे असाल. आम्ही बऱ्या आहोत. अम्माचा रक्तदाब, साखर ठीक आहे, जेवण थोडं पण वेळेवर आहे. माझे पाय तेवढे सुजलेत.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय लागली आहे. कागदावर तेवढं जमत नाही, म्हणून लिहायला बसले. अप्पांनी रविवारी रविवारी आपल्याला पाटीसमोर बसवून घरची मराठी गिरवायला लावलं, ते तू अगदीच विसरला नसशील. अडलास तर रेवाला विचार, ती नाशिकची आहे. पण पुढचा भाग एकट्याने वाच.

शाळेतून जनगणनेच्या कामाला मला जुंपलं होतं हे तुला माहीत आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला जिने चढवू नयेत एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारीत वीस दिवस आपल्या भागातल्या तीन गल्ल्या पालथ्या घातल्या. भाड्याच्या खोल्यांच्या मॅन्शनमधली एकटी पोरं दिवसभर नोकरीवर, म्हणून सकाळी साडेसहाला त्यांची दारं वाजवायची. ती टॉवेल गुंडाळून दार उघडायची आणि मला बघून परत लावून घ्यायची. माहिती फोनमध्येच भरायची, आणि माझा फोन जुना, अर्ध्यात बंद पडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून: नाव, वय, जन्म कुठला, याआधी कुठे राहत होतात, का आलात, किती वर्षं झाली. वीस दिवस हेच विचारत होते. शेवटी शेवटी स्वतःच्याच आवाजाचा वैताग आला.

कोपऱ्यावर त्रिपुरसुंदरी नावाची बाई राहते. रंगूनला जन्मलेली, नऊ वर्षांची असताना बोटीतून इथे उतरली. जन्म परदेशात, आधीचा मुक्काम परदेशात, सगळं नीट बसलं. कारण विचारलं तर हसायला लागली. म्हणाली, "तुझ्या यादीत 'घालवून दिलं' असं नाही का?" मी "कुटुंबाबरोबर" लिहिलं. ते खोटं नव्हतं.

पण जे गेले, त्यांचं काय? आलेल्यांसाठी रकाना आहे शेषू, गेलेल्यांसाठी नाही. आणि ज्या घरात जावं तिथे म्हातारी माणसं आधी गेलेल्यांचीच नावं सांगतात. आपले कृष्णस्वामीमामा आठवतात ना, पतंगाला मांजा करून द्यायचे ते? मी विचारलं, घरात माणसं किती, तर म्हणाले सहा. राहतात दोघंच. बाकीचे चार म्हणजे त्यांची मुलगी कीर्तना, तिचा नवरा आणि दोन पोरं, अकरा वर्षं अमेरिकेत. मी म्हटलं, "मामा, जे इथं राहत नाहीत त्यांना लिहायचं नाही." तर मला हाताला धरून तिच्या खोलीत घेऊन गेले. उशीला धुतलेला अभ्रा होता, टेबलावर तिचा चष्म्याचा जुना डबा. "संडासाला रकाना आहे तुझ्याकडे, हिला नाही?" मी उन्हाने तापले होते, तोडून बोलले. म्हटलं, भांडायचं तर दिल्लीला पत्र लिहा. मी त्यांचं घर "दोन" लिहून बाहेर पडले आणि जिन्यावर पाच मिनिटं बसून राहिले.

तुमच्या देशातली गणती ऑगस्टमध्येच झाली, तुझ्या लेकीने, जननीने, सांगितलं होतं. तिथल्या कागदावर तू "जन्म भारत" म्हणून आहेस. इथल्या कागदावर तू कुठेच नाहीस.

आता आपलं घर. तेही माझ्याच वाट्याच्या गल्ल्यांत. मी ते शेवटपर्यंत टाळलं. माझं मला माहीत आहे, भरून टाकीन कधीही, असं म्हणत राहिले. अठ्ठावीस तारखेला, रविवारी दुपारी, खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, अशी दमून दारात आले. अम्मा ओसरीच्या खुर्चीत होती. तिने कार्डाकडे बघितलं, पदर सावरला आणि म्हणाली, "ये, बैस मा. उन्हात हिंडतेस. कापी घेतेस काय?"

मी बसले. मला वाटलं, बघूया तरी.

तिने आत वळून हाक मारली, "अगे, कापी आण!" आत कोण असणार? मीच उठले. आत जाऊन कार्ड काढलं, कॉफी केली, बाहेर आणून तिच्यासमोर ठेवली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. पुन्हा आत गेले, कार्ड घातलं, बाहेर येऊन तीच कॉफी प्यायले. तू हसशील. मलाही हसू येत होतं.

मग मी विचारलं, "घरात माणसं किती?"

"आम्ही तिघं. मी, हे, आणि शेषू. हे पार्थसारथीच्या देवळाला गेलेत. शेषू आफीसला. संध्याकाळी येईल."

अप्पांना जाऊन चौदा वर्षं झाली. मी विचारलं, "आणि मुलगी?"

"तिला दिऊन टाकलं की, कुंभकोणमला. ती कशाला इथं मोजायची?"

मी नवरा गेल्यावर इथे परत आले, त्यालाही अकरा वर्षं झाली. मी म्हटलं, "मग घरात काम कोण करतं?"

"स्वैपाकाला एक बाई येती. ती आमच्यातली नव्हे, लिहू नको. रसम मात्र बरं करती, सेरी?"

सेरी, बरं, म्हटलं. फोनमध्ये दोन माणसं लिहिली. एक ती, एक मी. नियमाप्रमाणे तुला लिहिलं नाही. पण बोट थांबलं होतं, हे तुला सांगते. मामांच्या घरी नव्हतं थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती विचारायला लागली, ती लिहायला येणारी मुलगी कुठे गेली? म्हणून मी चार वाजता कार्ड घालून पुन्हा आले. तेव्हापासून रोज येते. स्वैपाकाची बाई म्हणून मी दिलेली गोळी ती थुंकून टाकते. कार्डवाल्या बाईने दिलेली सरकारी समजून मुकाट गिळते. मग गप्पा मारते. मला माझ्याबद्दलही सांगते, मुलगी हुशार होती पण हट्टी फार. तुझ्याबद्दल तर रोज सांगते, रोज.

आता ते लिहिते, ज्यासाठी हे पत्र.

जानेवारीत पोंगलच्या सणाला तू येणार होतास. तिकीट बघून ठेवलं होतंस. मी फोनवर म्हटलं, नको येऊस, ती आता कुणालाच ओळखत नाही, तुझं नावसुद्धा घेत नाही, उगीच येशील आणि जिवाला लावून घेशील. तू फोनवर रडलास. मी ऐकत बसले आणि तरी खरं सांगितलं नाही.

ते खोटं होतं शेषू. तुझं नाव या घरात दिवसातून वीस वेळा घेतलं जातं. माझं घेतलं जात नाही. मला भीती वाटली, तू दारात उभा राहशील आणि ती तुला ओळखेल. मी रोज आंघोळ घालते, वेणी घालते, आणि तू विमानातून उतरून दहा मिनिटांत तिचा शेषू होशील. ते मला बघवलं नसतं. एवढं कोतं मन आहे तुझ्या अक्काचं. तू मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, मी ऐकून घेईन. पण तिच्यापासून तुला मी तोडलं, हे तुला माहीत असायला हवं. तिच्याकडे फार दिवस नाहीत. डॉक्टर जानेवारीतच म्हणाले होते, तेही मी लपवलं.

उद्या शाळेत जाऊन ओळखपत्र परत करायचं आहे. पिशवीसुद्धा. उद्या चार वाजता मी कोण म्हणून बाहेर येऊ, मला कळत नाही. गोळी कोण देणार तेही कळत नाही. फार थकले रे.

तू ये. मे महिन्यात यायचं म्हणतोस, तेवढी वाट बघू नकोस. तिने तुला ओळखलं तर मी आत कॉफी करत असेन, थोडा वेळ बाहेर येणार नाही, तेवढं समजून घे. नाही ओळखलं, तर न ओळखलेली आपण दोघं होऊ. मला एकटीला ते आता झेपत नाही.

आत्ता अम्मा समोरच बसली आहे. कार्ड अजून गळ्यात आहे, म्हणून माझ्याशी बोलते आहे. मगाशी विचारलं, कुणाला लिहितेस एवढं? मी म्हटलं, तुमच्या शेषूला. तर हसली. म्हणाली, "त्याला कशाला कागद? संध्याकाळी घरला येईलच की."

तिला खोटं पाडू नकोस.

तुझी,
घरातच असलेली,
अक्का