आढळले नाही

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहावं की नाही, यावर थोडा वेळ थांबले होते. पण पत्राची सुरुवात अशी करायची, हे तुम्हीच शिकवलंत. राहू दे.

परवा तुमचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होते. सध्या आमच्याकडे आपल्या तळ्याचं काम चालू आहे. मासे, पाणकावळ्यांची अंडी, काठावरच्या लोकांचं रक्त. कारखान्यातून येणारा जो पदार्थ आम्ही शोधतोय, तो चरबीत मुरला की वर्षानुवर्षे हलत नाही. तुलनेसाठी स्वच्छ रक्त लागतं. ते आम्हीच देतो. मी हात पुढे केला. मी तळ्याकाठी वाढले हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या वर्षांचे तळ्याच्या पाण्याचे अहवाल स्वच्छ होते आणि त्यांखाली तुमची सही होती. या खेपेला ‘स्वच्छ’ नळीतच सगळ्यांत जास्त निघालं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई वैतागल्या. कुठल्या गधडीनं नळ्यांची अदलाबदल केली, म्हणाल्या. पुन्हा मोजलं. गधडी कुणीच नव्हती. नळी माझीच होती.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला तुमच्या पाणी-तपासणीच्या ऑफिसात न्यायचात. उंच स्टुलावर बसवून एकदा म्हणालात, कणी, ‘नाही’ वेगळं आणि ‘आढळले नाही’ वेगळं. चाळणीची भोकं मोठी ठेवली की काहीच अडकत नाही. मला ते शास्त्र वाटलं होतं. परवा तुमचे जुने अहवाल काढून बसले, तेव्हा कळलं की ती तुमची कामाची पद्धत होती. जिथे दोन लिटर पाणी आटवायला हवं, तिथे तुम्ही पेलाभर घेतलंत. एकदा नाही, दरवेळी. पेलाभर पाण्यात काय आढळणार? खोटं एक अक्षरही लिहिलं नाहीत. तेवढे तुम्ही हुशार आहातच.

घरी तळ्यातले मासे यायचे. आई काटे काढून माझ्या ताटात वाढायची, उरलेलं शेपटाकडचं स्वतः खायची. तुमच्यापुढे अंडं. साहेबांचा घसा नाजूक, काटा अडकतो, असं आई हसून शेजारणींना सांगायची. मीही हसायचे. आपल्या घरातला तो सगळ्यांत जुना विनोद होता.

फोनवर तुम्ही म्हणालात, तळ्यासाठी नेमलेल्या चौकशी समितीपुढे तू एवढंच सांग, की आम्ही सगळ्यांनी तेच मासे खाल्ले. विष आहे असं ठाऊक असतं, तर कुणी पोटच्या पोरीला खाऊ घालेल का? हाच प्रश्न मला तुम्हाला विचारायचा होता. तुम्ही आधी विचारलात.

म्हणून हे पत्र. सोबतच्या डब्यात बर्फाची पिशवी आणि रिकामी नळी आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स रक्त काढून देईल, तिच्याशी बोलले आहे. तुमचा नमुना मी मोजणार नाही. बाई मोजतील, नुसता क्रमांक बघून. तुमच्या रक्तात माझ्याइतकं निघालं, तर समितीपुढे तुम्ही सांगाल ते सांगेन आणि तुमची माफी मागेन. नळी रिकामीच परत आली, तर घशाचा विनोद तिथे सांगेन. आणि भरून आली, पण त्यात काही आढळलं नाही, तर बाबा, या वेळी चाळणी बारीक आहे.

तुमचीच,
कणी